दुसऱ्या हाताची साक्ष

मराठीत कष्टाचे माप हाडांनी घेतले जाते. आयुष्यभर राबलेल्या माणसाने हाडे झिजवली असे आपण म्हणतो, आणि त्याहूनही अधिक राबला असेल तर त्याने हाडांची काडे केली असे म्हणतो. एखादी सवय पक्की झाली की ती हाडीमाशी खिळते, आणि ज्याला शिकवण्यावाचून चैन पडत नाही तो हाडाचा शिक्षक ठरतो. या सगळ्या प्रयोगांमागे एक समजूत आहे. हाड म्हणजे शरीरातील सर्वांत टणक आणि सर्वांत शेवटी बदलणारे द्रव्य, तेव्हा झीज हाडापर्यंत पोचली म्हणजे श्रमाची परिसीमा झाली.

शरीरशास्त्राचे म्हणणे जवळजवळ याच्या उलट आहे. श्रमाने सांधे झिजतात हे खरे, पण हाड श्रमाने घडते आणि श्रम थांबले की विरते. एखादा हात किंवा पाय दीर्घकाळ वापरातून गेला, तर त्याचे स्नायू सुकतात हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. मात्र त्या सुकलेल्या मांसाच्या आत हाडही पातळ होत असते. हे दिसत नाही, दुखत नाही, आणि पुष्कळदा माणूस गेल्यावर शेकडो वर्षांनी उत्खननात उघडकीस येते. न वापरलेल्या अवयवाचा हा इतिहास आपल्या परिसरातील लेण्यांत, प्रवासवृत्तांत, दफनांत आणि आत्मकथनांत विखुरलेला आहे. तो एकत्र पाहिला, तर हाड हे साधन इतिहासकाराला काय सांगते आणि कोणत्या प्रश्नापाशी येऊन गप्प बसते, हे ध्यानात येते.

हाड कशाचे बनते?

जिवंत हाडाच्या वजनाचा साठ ते सत्तर टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक होय. वीस ते पंचवीस टक्के भाग सेंद्रिय असतो, त्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू प्रमुख, आणि उरलेला भाग पाण्याचा. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो, तंतूंमुळे चिवटपणा. नुसते खनिज असते तर हाड खडूसारखे मोडले असते आणि नुसते तंतू असते तर वेतासारखे वाकले असते.

हे द्रव्य स्थिर नसते. काही पेशी जुने हाड विरघळवतात आणि काही पेशी त्या जागी नवे हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. हाडाच्या आत, अगदी सूक्ष्म पोकळ्यांत, तिसऱ्या प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात. हाडावर भार पडला, ते किंचित वाकले, की त्यातील द्रव हलतो आणि या पेशींना त्याची जाणीव होते. भार येईनासा झाला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात सोडतात. हे प्रथिन म्हणजे रचणाऱ्या पेशींना दिलेला थांबण्याचा हुकूम. विरघळवण्याचे काम मात्र चालूच राहते, उलट वाढते. जमा थांबावी आणि खर्च वाढावा, तसे हे होते.

पहिला फटका बसतो तो हाडाच्या टोकांकडील जाळीदार भागाला. ही जाळी नाजूक काड्यांची असते. एकेक काडी बारीक होते, तुटते, आणि एकदा तुटलेली काडी पुन्हा जोडणे शरीराला फार अवघड जाते. मग लांब हाडांची भिंत आतल्या बाजूने पोखरली जाते. बाहेरची जाडी बरीचशी तशीच राहते आणि आतली पोकळी रुंदावत जाते. त्या पोकळीत मेदाचे प्रमाण वाढते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मुडदूस या रोगात हाड असते, पण त्यात खनिज पुरेसे मुरलेले नसते. वापराअभावी झालेल्या झिजेत उरलेल्या हाडातील खनिज आणि तंतू यांचे प्रमाण फारसे ढळत नाही. हाडच कमी उरते. पहिल्या प्रकारात भिंतीचा चुना कच्चा असतो, दुसऱ्यात विटाच काढून नेलेल्या असतात.

हे सारे किती झपाट्याने होते? अमेरिकेत डीट्रिक, व्हीडन आणि शॉर या वैद्यकांनी चार धडधाकट तरुणांना सहा ते सात आठवडे कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये निजवून ठेवले आणि १९४८ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्या तरुणांच्या लघवीतून जाणारे कॅल्शियम जवळजवळ दुप्पट झाले होते. ते कॅल्शियम अर्थातच त्यांच्या हाडांतून येत होते. अंतराळवीरांच्या खुब्याजवळील हाड दरमहा एक ते दीड टक्का घटते, कारण तेथे पायांना अंगाचा भार पेलावाच लागत नाही.

मातीचा गोळा आणि दगड

भाराने हाड घडते या विचाराला युरोपात नियमाचे रूप दिले ते जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ याने, १८९२ साली. त्याच्या आधी पाव शतक झ्युरिकमध्ये एक घटना घडली होती. शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर याने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान या स्थापत्यशास्त्रज्ञाला त्यातील काड्यांच्या रांगा ओळखीच्या वाटल्या. यारीवर ओझे टांगले असता तिच्या आत जे ताण-दाब निर्माण होतात, त्यांच्या रेषा तो कागदावर तशाच काढत असे. निसर्गाने हाडाच्या काड्या जेथे भार येतो नेमक्या तेथे रोवल्या होत्या.

आपल्याकडील वैद्यकाने हाडांची मोजदाद फार पूर्वी केली. चरकाने ३६० हाडे सांगितली, सुश्रुताने ३००, आणि सुश्रुताने त्यांचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकारही पाडले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सुश्रुतसंहितेतील मोडलेल्या हाताचा उपचार अधिक बोलका आहे. हाताचे हाड जुळून आल्यावर रोग्याला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा आणि हातात बळ आले की दगड धरायला लावावा, असे तेथे सांगितले आहे. यावरून प्राचीनांना हाडातील पेशींचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. पण बांधून ठेवलेला हात नुसता सोडल्याने पूर्ववत होत नाही, त्याच्यावर क्रमाक्रमाने वजन घालावे लागते, हे ज्यांनी रोगी पाहिले त्यांना कळले होते. आजचा फिजिओथेरपिस्ट प्लास्टर काढल्यावर रोग्याच्या हाती आधी मऊ चेंडू देतो तो याच अनुभवाच्या जोरावर. कारण गमावलेले हाड परत येते ते गेले त्याहून पुष्कळ सावकाश.

वर उचललेला हात

रोगाने किंवा अपघाताने हात निकामी होणे वेगळे आणि कोणी तो आपण होऊन निकामी करणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला आपल्या परंपरेत स्वतंत्र नाव आहे: ऊर्ध्वबाहू. एक किंवा दोन्ही हात आकाशाकडे उचलायचे आणि वर्षानुवर्षे खाली आणायचे नाहीत, असे हे व्रत. अशा साधूंचे वर्णन सतराव्या शतकातील अनेक युरोपीय प्रवाशांनी केले. तावेर्निये हा रत्नांचा व्यापारी सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना आपल्या औरंगाबादवरून गेला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात अशा तपस्व्यांची चित्रेच दिली.

परंतु सर्वांत काळजीपूर्वक निरीक्षण आहे ते फ्रान्स्वा बर्निये याचे. बर्निये हा शिकलेला वैद्य होता आणि काही वर्षे मोगल दरबाराच्या सावलीत राहिला होता. १६६७ मध्ये इराणातील शिराजहून लिहिलेल्या पत्रात त्याने या साधूंच्या हातांविषयी लिहिले आहे. हे हात क्षयाने मरणाऱ्या माणसाच्या हातांसारखे बारीक होतात, त्यांचे स्नायू आखडतात, सांधे कोरडे आणि ताठ होतात, आणि मग मनात आले तरी ते तोंडापर्यंत आणता येत नाहीत, त्यामुळे शिष्यांना त्यांना भरवावे लागते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. कारण त्याने असे दिले की, त्या अस्वाभाविक स्थितीत हाताला पुरेसे पोषण पोचत नाही.

आज आपण कारण वेगळे देऊ. येथे एक शंका येणे साहजिक आहे. हात वर धरून ठेवणे हाच मोठा श्रम नव्हे काय? पहिले काही महिने तो श्रम असतोच. नंतर खांद्याचा सांधा त्याच स्थितीत आखडतो आणि हात स्नायूंच्या बळाविना आपोआप वर राहतो, वाळलेल्या फांदीसारखा. तेथून पुढे त्या हातावर ना ओझे येते, ना ओढ, ना झटका. प्लास्टरमध्ये निजवलेल्या त्या चार तरुणांच्या पायांचे जे झाले, तेच या हाताचे होते. फरक एवढाच की येथे आठवडे नसतात, दशके असतात.

या परंपरेतील एक माणूस इतिहासात नावानिशी आला आहे. प्राणपुरी हा मूळचा कनौजचा संन्यासी. हात वर उचललेल्या स्थितीतच त्याने इराण, मॉस्को आणि तिबेटपर्यंत प्रवास केला. १७९२ मध्ये काशीला जोनाथन डंकन याने त्याची हकीकत टिपून घेतली आणि ती एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेत छापली गेली. हाच डंकन पुढे १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. ही हकीकत टिपली गेली नसती आणि एखाद्या उत्खननात नुसता प्राणपुरीचा सांगाडा सापडला असता, तर अभ्यासकाने काय लिहिले असते? बाहूंची हाडे क्षीण, खांद्याचे सांधे आखडलेले, पाय मात्र दणकट. एखाद्या रोगाने हात गेलेला कोणी चालकरी मजूर, असाच निष्कर्ष बहुधा निघाला असता. मॉस्को आणि मानससरोवर त्या हाडांत कोठेही सापडले नसते.

वेरूळचे दोन पुतळे

ज्या परंपरेने ऊर्ध्वबाहू घडवले, तिनेच निश्चल देहाविषयी विचारही केला. त्यासाठी आमच्या शहरापासून तीस किलोमीटरवरच्या वेरूळला जावे. जैन समूहातील बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, बाहुबली उभा आहे. हात शरीराला समांतर सोडलेले, आणि पायांवरून, मांड्यांवरून वेली चढलेल्या. एक वर्ष तो असा उभा होता अशी कथा आहे. काळ किती गेला हे सांगण्यासाठी शिल्पकाराने वेलीचा उपयोग केला. देह हलला नाही, हे हलत्या-वाढत्या वनस्पतीवरून कळते.

बाहुबली उभा आहे म्हणजे पायांवर भार आहेच, मग हाड टिकेल असे वाटते. पण १९८४ मध्ये लॅन्यन आणि रुबिन यांनी टर्कीच्या पंखातील हाडावर केलेले प्रयोग काही वेगळे दाखवतात. अखंड, न बदलणारा भार ठेवला तर हाडाला तो भार नसल्यासारखाच वाटतो आणि ते झिजते. तोच भार रोज थोडा वेळ आलटून-पालटून दिला तर मात्र हाड वाढते. हाडाला वजनापेक्षा वजनातील बदल कळतो. चालणे, उचलणे, ठोकणे, दळणे यांतील लय त्याला हवी असते. जैन परंपरेतील एका कथेनुसार वर्षभराच्या स्थैर्यानंतरही बाहुबलीला केवलज्ञान झाले नाही. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या, त्यांनी त्याला मनातल्या अभिमानाच्या हत्तीवरून खाली उतरायला सांगितले, आणि त्याने पाऊल उचलताच ज्ञान झाले. नुसत्या निश्चलतेवर परंपरेचाही पूर्ण भरवसा नव्हता. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला पिडणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे, आणि त्या श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी प्राकृतात विवरण केले ते प्रवरेकाठच्या नेवाशाला.

वेरूळचा दुसरा पुतळा भृंगीचा. शैव लेण्यांत शिवाच्या नृत्याजवळ हा हाडांचा सापळा दिसतो. बरगड्या मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. भृंगी फक्त शिवाला भजे, पार्वतीला नमन करीत नसे; म्हणून तिच्या शापाने त्याचे रक्तमांस गेले, तो उभा राहू शकेना, आणि शिवाने त्याला आधारासाठी तिसरा पाय दिला, अशी त्याची कथा. कथाकारांनी शरीरशास्त्र सांगण्यासाठी ही कथा रचली नव्हती. तरीही तिच्यातील देहविचार नेमका आहे. मांस गेले की हाडाला आपल्या बळावर उभे राहता येत नाही. हाडावरचा सर्वांत मोठा भार शरीराच्या वजनाचा नसून त्याला ओढणाऱ्या स्नायूंचा असतो. स्नायू गेले की हाडाचे प्रयोजनच जाते.

इनामगावचे पाय

शिल्पातील हाडांकडून आता खऱ्या हाडांकडे येऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकरी वस्ती उजेडात आणली. याच जोर्वे संस्कृतीचे अवशेष आमच्या जिल्ह्यात पैठणजवळ आपेगावलाही मिळाले आहेत, म्हणजे ही माणसे मराठवाड्याला परकी नाहीत.

इनामगावात लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यांत पुरत, आणि मोठ्यांना जमिनीत उताणे निजवत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करत असावेत, असा तर्क केला गेला. याला एक लक्षणीय अपवाद आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. त्या घराला लागून धान्याचे कोठार होते. तो वस्तीचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांनी मानले.

अशा ठिकाणी एक मोह होतो. मोठे घर, कोठार, वेगळे दफन: या माणसाने कष्ट केले नसतील, आणि त्याची हाडे तपासली तर तसे दिसेल. राबणाऱ्याची हाडे जाड, बसून खाणाऱ्याची पातळ, हे सूत्र आकर्षक आहे आणि त्याला आधारही आहे. १९७७ मध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाचे हाड क्ष-किरणांनी मोजले, तेव्हा खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत पुरुषांत ३५ टक्के आणि स्त्रियांत २८ टक्के अधिक जाड निघाली. कामाचा ठसा हाडावर उमटतो, यात शंका नाही.

अडचण येते ती उलट दिशेने वाचताना. पातळ हाड हे आरामाचे चिन्ह असू शकते, आणि उपासमारीचेही. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळात, म्हणजे शेती बिकट झालेल्या शेवटच्या शतकांत, मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना मांडीच्या हाडात दिसल्या. या मुलांची हाडे बारीक होती ती ऐदीपणाने नव्हे. पोटात अन्न नव्हते. राजपुत्र आणि उपाशी पोर यांची हाडे एकाच परिभाषेत बोलू शकतात, आणि चुकीचा वाचक भुकेचे भाषांतर सुखात करून टाकतो.

मग फरक करायचा कसा? येथे लेखाच्या शीर्षकातील साक्षीदार पुढे येतो. भूक सगळ्या शरीराला लागते. ती दोन्ही हातांची हाडे सारखीच खाते. वापरातून गेलेला अवयव मात्र एकटा झिजतो. एकाच देहातील उजवा आणि डावा हात यांनी एकच अन्न खाल्लेले असते, एकच ज्वर सोसलेला असतो, एकाच मातीत ते पुरले गेलेले असतात. हजारो वर्षे मातीत राहिल्याने हाडाचे रसायन बदलते हे खरे, पण शेजारी पुरलेल्या दोन्ही हातांचे ते साधारण सारखेच बदलते. तेव्हा त्यांच्यात जो फरक उरतो, तो जगण्यातला. दुसरा हात पहिल्या हाताची साक्ष देतो.

या पुराव्याचे सर्वांत जुने प्रसिद्ध उदाहरण इराकमधील शानिदार गुहेतले आहे. राल्फ सोलेकी यांना १९५७ मध्ये तेथे निअँडरथल पुरुषाचा जो सांगाडा मिळाला, तो निदान ४५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या उजव्या दंडाचे हाड डाव्याच्या मानाने अगदी बारीक आहे, आणि कोपराखालचा हात नाहीच. डाव्या डोळ्याजवळ जुना, भरून आलेला घाव आहे. म्हणजे हा माणूस एका हाताने आणि बहुधा एका डोळ्याने अनेक वर्षे जगला आणि त्या काळाच्या मानाने म्हातारा झाला. कोणीतरी त्याला सांभाळले असणार, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. हाड याहूनही एक गोष्ट सांगते: केव्हा. वाढीच्या वयात अवयव निकामी झाला तर हाड आखूड आणि सडपातळ राहते. वाढ पूर्ण झाल्यावर झाला तर लांबी तशीच राहून भिंत आतून पोखरते. काय झाले, कोठे झाले, साधारण कोणत्या वयात झाले, इतक्या प्रश्नांची उत्तरे हाड देते. का झाले, हे मात्र ते सांगत नाही.

'का'चे उत्तर

'का' हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही, कारण समाज माणसाशी कसा वागतो हे त्याच्या उत्तरावर ठरते. ऊर्ध्वबाहूचा वाळलेला हात पूजला गेला. कुष्ठरोग्याच्या हाताला गावाबाहेर घालवले गेले. राजस्थानातील बालाथल येथे मिळालेल्या, इ. स. पूर्व सुमारे २००० मधील सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांसह एका गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे हा रोग आपल्याबरोबर चार हजार वर्षे आहे. त्यात नसा बधिर होतात, बोटे वाकतात, नकळत जखमा होतात, त्या चिघळतात, आणि न वापरलेल्या बोटांची हाडे टोकाकडे निमुळती होत विरत जातात. या दृश्याला लोकांनी पूर्वजन्मीचे पाप हे कारण चिकटवले. हाडात पाप कोठेही नव्हते. हाडाने फक्त झीज नोंदवली होती, कारण वाचणाऱ्यांनी घातले.

म्हणूनच बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात केली तेव्हा भिक्षेच्या जागी काम आणले, याचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. झडलेल्या बोटांच्या हातांनी तेथे विहिरी खणल्या, शेते पिकवली. समाजाने ज्याला वापरातून काढून टाकले होते तो हात पुन्हा वापरात आला. सुश्रुताच्या रोग्याच्या हातात दिलेला दगड येथे एका वसाहतीने उचलला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पोलिओने लहानपणी पाय गेलेली एक पिढी आज आपल्यात आहे. भारतातील रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. कधीकाळी या पिढीतील एखाद्याचा आखूड, सडपातळ पाय कोणा अभ्यासकाच्या मेजावर येईल आणि दुसऱ्या पायाशी त्याची तुलना होईल. वाढीच्या वयात हा पाय वापरातून गेला, एवढे तो अचूक सांगू शकेल. त्या मुलाला शाळेत कोणी उचलून नेले, जिना नसलेली शाळा त्याला मिळाली का, त्याला कोणत्या नावाने हाक मारली गेली, हे सांगायला दुसरा कागद लागेल.

तो कागद आपल्या भाषेत आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पायांची शक्ती गमवावी लागली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. वैद्यकीय अहवालाला जे आत पोखरलेले हाड दिसते, त्याच्या बाहेरचे जग अशा पुस्तकांत नोंदलेले असते: जिने, दारांची रुंदी, नातेवाइकांची कीव, नोकरीची मुलाखत. साहित्याच्या वर्गात आत्मकथन शिकवताना आपण त्याची भाषा, निवेदन, प्रामाणिकपणा यांची चर्चा करतो. ते एक ऐतिहासिक साधन आहे, आणि ज्या प्रश्नापाशी हाड मुके होते तेथूनच ते बोलू लागते, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. हाडाला दुसऱ्या हाताची साक्ष लागते, तशी हाडांच्या इतिहासाला शब्दांची लागते.

आता पुन्हा आपल्या वाक्प्रचारांकडे पाहता येईल. 'हाडे झिजवली' हा प्रयोग खोटा ठरतो का? शरीरशास्त्राच्या पुस्तकात ठरेल. पण ज्यांनी तो रुळवला ती माणसे पुरेसे न खाता राबत होती. भार हाड घडवतो हे खरे, मात्र घडवायला लागणारे अन्नही हवे. ते नसेल तर कितीही राबले तरी हाड आतून जातेच. या माणसांच्या बाबतीत श्रम आणि झीज एकाच घरात नांदत होती, आणि भाषेने जे पाहिले तेच नोंदवले. भुकेल्या श्रमिकाचे हाड उत्खननात मिळाले तर ते पातळ का, याची उत्तरे अभ्यासक अनेक देतील. त्यांतले नेमके उत्तर या वाक्प्रचारात, जात्यावर आणि मोटेवर राबलेल्यांच्या बोलण्यात, केव्हाच देऊन ठेवलेले आहे.